एकर मोजता, खोली कोण मोजणार?

मागल्या पावसाळ्यात एका कविसंमेलनात मी दोन कविता वाचल्या. खाली उतरलो तर एक नावाजलेले कवी समोर आले. पांढरा झब्बा, हातात चहाचा कप. म्हणाले, "आग आहे हो तुमच्यात. पण तुम्हा लोकांच्या कवितेला मातीचा वास येत नाही. काळ्या आईशी नाळच तुटलीय तुमची." मग ते वर गेले आणि काळ्या आईची कविता म्हणाले. टाळ्या पडल्या.

मी तिथं काही बोललो नाही. रात्रपाळी होती, गोदी गाठायची होती. ते उत्तर आता देतो. थोडं लांबेल. ज्याला टाळ्याच वाजवायच्यात त्यानं पान उलटावं.

मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो. खताचं जहाज लागलं की क्रेनचा ग्रॅब जहाजाच्या पोटातला माल उपसतो, हॉपरमध्ये ओततो. खाली आम्ही पोतं धरतो, शिवतो, थप्पी लावतो. ग्रॅब पोचत नाही त्या कोपऱ्यात फावडं घेऊन आम्हीच उतरतो. युरिया ओलसर झाला की डोळ्यांत झोंबतो. रॉक फॉस्फेटची भुकटी घामावर बसते आणि माणूस राखेत लोळल्यासारखा दिसतो. पालाशचं खत तर या देशात खाणीतून निघतच नाही, जहाजानंच येतं. कविराज, तुमची काळी आई बाहेरून मागवलेल्या पोत्यांवर जगते आणि ती पोती माझ्या पाठीवरून जातात. मला कसला वास विचारता?

शेतकीच्या पुस्तकात तीन शब्द पहिल्या पानावर असतात: नत्र, स्फुरद, पालाश. नत्रानं पान वाढतं, स्फुरदानं मूळ धरतं आणि दाणा भरतो, पालाशनं झाड ताठ राहतं. आता जुना हिशेब काढा. गावचं मेलेलं ढोर कुणी ओढलं? आम्ही. हाड म्हणजे बरंचसं कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे स्फुरद. शहरांचा मैला डोक्यावरून कुणी वाहिला? आमच्याच भावांनी. मैला म्हणजे नत्र. पाटलाच्या गोठ्यातलं शेण कुणाच्या बायांनी भरलं? मातीचं अन्न पिढ्यान् पिढ्या आमच्या डोक्यावरून गेलं, आणि विटाळ झाला तो आमचा. महाराच्या वतनी जमिनीला गाव हाडकी-हाडोळा म्हणायचा. नावातच हाड.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं आणि आमच्या लोकांनी ढोर ओढणं, मेलेलं खाणं टाकलं. ते बरंच झालं. पण हिशेब मिटला नाही. ज्यांनी मातीला खाऊ घातलं त्यांच्या वाट्याला कसली माती आली? मला एवढंच विचारायचंय.

माझी चीड घरातनं सुरू होते, म्हणून घरचं सांगतो.

मराठवाड्यात आमचं गाव. आमचा दोन एकर तुकडा गायरानात आहे, माळाच्या उतारावर. आज्यानं तो १९८५ साली पहारीनं फोडला. गायरान म्हणजे गावानं नांगरायला नाकारलेली जमीन. वीतभर माती, खाली मुरूम, मुरमात चुनखडीचे पांढरे खडे. गाव म्हणायचं, "हलकी जमीन हाय, तुमच्याच्यानं पिकायची न्हाई." आजा म्हणायचा, "हलकी जमीन, हलकी जात. ह्यांच्या तोंडात दुसरा शब्दच न्हाई." अडाणी माणूस होता, पण भाषेतली खोच त्यानं बरोबर पकडली होती. खालच्या ओढ्याकाठची काळी ती 'भारी'. माळावरची ती 'हलकी'. जमिनीला जात लावली की मग कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, सोयाबीन समदं पिवळं पडलंय. दुकानदार म्हनतो युरिया टाक." त्यानं उसनवारी करून दोन पोती फेकली. तसली पोती मी त्या आठवड्यात शेकड्यांनी शिवली होती. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. पीक तसंच पिवळं. दुकानदार म्हणाला, "जमीनच हलकी, तिला कोण काय करणार?" पैसे त्याच्या गल्ल्यात, दोष आमच्या मातीला.

मी मॅट्रिक. शास्त्रात कसाबसा पास. पण त्या पिवळ्या पानांनी मला झोप लागू दिली नाही. वाचनालयातनं शेतकीची पुस्तकं आणली आणि पाळी सुटल्यावर वाचत बसलो. जे कळलं ते आपल्या भाषेत मांडतो, कारण हे ज्ञान आपल्यापर्यंत पोचू नये अशीच व्यवस्था आहे.

महाराष्ट्राचा बराचसा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकावर बसलाय. त्याला बेसाल्ट म्हणतात. तोच खडक झिजून काळी माती झाली आणि तोच अर्धवट झिजून मुरूम राहिला. म्हणजे हलकी आणि भारी एकाच बापाची लेकरं. फरक पडतो कुठं? उतारावर. दर पावसाळ्यात माळावरचा बारीक कण पाणी वाहून नेतं आणि खाली सखल रानात टाकतं. हजारो वर्षं हे चाललंय. वरचा माळ उघडा पडत गेला, खालचं रान खोल होत गेलं. पाटलाचं भारी रान आमच्या माळाच्या गाळावर भारी झालंय. हे मी कविता म्हणून सांगत नाही, भूगोल आहे.

त्या बारीक कणाचं मोल का, तेही ऐका. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्श्याहून लहान असतो. काळ्या मातीतला कण पापुद्र्यांचा असतो, पाण्यानं फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, म्हणून तिला भेगा पडतात. त्या कणावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, अमोनियम यांच्यावर धन भार. ते कणाला चिकटून राहतात आणि मूळ हळूहळू उचलतं. म्हणजे काळी माती हे भरलेलं कोठार, वर तिची पाणी धरायची ताकद मोठी. मुरमाड रानात हे कण थोडे, मातीचा थर वीतभर. पाणी चार दिवसांत संपतं. आणि झाड अन्न चावून खात नाही, पाण्यातून पितं. पाणी गेलं की अन्न समोर असून उपाशी.

पण खरी गोष्ट याच्या पुढं आहे. तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

मातीत एखादी गोष्ट असणं वेगळं आणि रोपाला ती मिळणं वेगळं.

भावाच्या सोयाबीनला नत्र कमी पडलंच नव्हतं. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं. त्याच्या रानात पिवळा पडला होता शेंडा. कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. तो लोखंडाच्या टंचाईचा केवडा. लोखंड झाडात एकदा जिथं बसलं तिथून सहसा हलत नाही, म्हणून नव्या पानाला उपास पडतो. आता गंमत बघा. बेसाल्ट लोखंडानं भरलेला खडक. आमच्या मुरमात लोखंड ढिगानं. पण चुनखडीमुळं मातीचा सामू आठाच्या वर गेला की ते लोखंड विरघळत नाही. मूळ लोखंडावर बसलंय आणि लोखंडाविना मरतंय. त्याला युरियाची दोन पोती काय करणार? चुनखडीच्या रानात वरवर फेकलेला युरिया, पाऊस नसला तर, अमोनिया होऊन हवेत उडतो. राहिला तो नायट्रेट होऊन मुरमातून खाली झिरपतो. वेळेवर हिराकसचं हलकं द्रावण पानांवर फवारलं असतं तर पीक सावरलं असतं. हिराकस स्वस्त आहे. पण हे सांगायला त्या माळावर कुणी चढलं नाही.

स्फुरदाचंही तेच. रोपाला ते साडेसहा ते साडेसात सामूच्या दरम्यान बरं मिळतं. काळ्या, चुनखडीच्या रानात सामू वर, तिथं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. आमच्या टोळीत रत्नागिरीकडचा एक भाऊ आहे. त्याच्या गावची माती जांभ्याची, तांबडी. तिकडच्या मुसळधार पावसानं चुना कधीच धुऊन नेला. माती आम्ल झाली आणि लोखंड-अॅल्युमिनियमची गंज तेवढी राहिली. तिथं स्फुरदाला लोखंड धरून ठेवतं. एका घराला चुन्याचं कुलूप, दुसऱ्याला लोखंडाचं. किल्ल्याही वेगळ्या. त्याच्या भाताच्या खाचरात पाणी तुंबलं की लोखंडाची पकड सैल होते आणि स्फुरद सुटतं. आमच्याकडं शेणखतात मुरवून, बियाण्याजवळ पेरून दिलं तर थोडं हाती लागतं. आणि दुकानात? दोघांना एकच गोणी, एकच सल्ला.

दुकानदार तरी युरियाच का सांगतो? २०१० पासून स्फुरद-पालाशच्या खतांना ठरावीक अनुदान आणि युरियाची किंमत मात्र सरकारनं बांधलेली. २०२४ साली युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपयांच्या आसपास होतं आणि डीएपीचं ५० किलोचं १३५० रुपये. गरीब माणूस काय उचलणार? मातीला काय हवं ते नाही, खिशाला काय झेपतं ते.

तुम्ही म्हणाल, सरकारनं मृदा आरोग्य पत्रिका दिली ना! दिली. २०१५ साली योजना आली. आमच्याही घरात तो कागद आहे. त्यावर लोह 'पुरेसं' लिहिलंय. मी चक्रावलो. मग नियम वाचला. पहिल्या दोन फेऱ्यांत कोरडवाहू भागात दहा हेक्टरला एक नमुना आणि त्या चौकोनातल्या सगळ्यांना तेच आकडे. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. त्या पंचवीस एकरांत खालचं काळं रानही येतं आणि आमचा माळही. भाऊ सांगतो, माती न्यायला आलेला माणूस रस्त्याकडच्या काळ्या रानातच थांबला, वर आलाच नाही. म्हणजे पाटलाच्या रानाचं रक्त तपासलं आणि आमच्या आजाराचा कागद आम्हाला दिला. च्यायला, वाडा वेगळा ठेवला, पाणवठा वेगळा ठेवला आणि माती तपासायच्या वेळी तेवढी समानता आली!

आता कुणी म्हणेल, हा भारी जमिनीवर जळतोय. नाही. भारीचा गर्वही खोटा आहे. कालव्याचं पाणी मिळालं म्हणून काळ्या रानात ऊस बुडवला, निचऱ्याची सोय केली नाही, तर खालचं पाणी वर चढतं आणि क्षार घेऊन येतं. सोडियम कॅल्शियमची जागा घेतो, मातीचे कण फुटून एकमेकांत लिंपतात, हवा जात नाही, पाणी मुरत नाही. ती चोपण जमीन. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर इंग्रजांच्या शेतकी खात्यानं १९१० सालीच पुस्तिका काढली होती. शंभर वर्षांनंतरही कृष्णाकाठी तेच चाललंय. म्हणजे जमीन जन्मानं भारी किंवा हलकी ठरून संपत नाही. तिला काय दिलं, काय लुटलं, कुणी पाणी नेलं, यावर ती घडते आणि बिघडते. हे वाक्य मातीबद्दल मान्य करता ना कविराज? मग माणसाबद्दल करा.

आणि आमच्या मातीला काय दिलं, तो इतिहास तारखांनिशी घ्या. वतनाच्या तुकड्यावर गावची सगळी वेठ. ती वेठ तोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. कनिष्ठ गाव-वतनं रद्द करायचा कायदा झाला १९५८ साली. पैसे भरा आणि स्वतःचीच जमीन परत घ्या, वर विकायला कलेक्टरची परवानगी. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, आमच्या बाया तान्ही पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. मागणी काय, तर पडीक द्या, गायरान द्या. काळं रान मागायची सोयच नव्हती. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानं नियमित करायचं ठरलं. आमचा आजा १९८५ पासून कसत होता. पंचनामा झाला. फाईल कुठल्या तरी कचेरीत झोपली ती उठलीच नाही. आजा गेला. मग २०११ साली सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्या निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींच्या अपवादाची वाट ठेवलीय. पण अपवाद कागदात राहिला आणि आमच्या दारावर नोटीस लागली. हक्क आहे, मिळत नाही. आमच्या मुरमातल्या लोखंडासारखा.

२००४ साली गायकवाडांच्याच नावानं योजना आली. भूमिहीनाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती. चांगली गोष्ट. पण त्या ओळीत एकर आहे, खोली नाही. चार एकर वीतभर मुरूम आणि चार एकर पुरुषभर काळी माती, सरकारच्या वहीत दोन्ही चारच. बाबासाहेब २७ वर्षांचे असताना, १९१८ साली, त्यांनी लहान शेतीवर निबंध लिहिला. त्यात हेच सांगितलंय की जमीन लहान की मोठी हे नुसत्या आकारावर ठरत नाही, तिच्याबरोबर भांडवल आणि साधनं किती, त्यावर ठरतं. त्यांचे पुतळे गावोगाव झाले. हा निबंध कुठल्या तहसिलात पोचला?

आता आपल्यातल्या दोस्तांशी दोन शब्द. तुम्ही म्हणता, "खेडं हे जातीचं डबकं, बाबासाहेबांनी शहराकडं चला सांगितलं. माती कशाला उकरतोस?" दोस्तांनो, मी आलोच की शहरात. खेड्याच्या प्रेमात मी नाही. माती माझी आई नाही, माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपून वाकली. माती हे उत्पादनाचं साधन आहे, गिरणीसारखं, गोदीसारखं. ते आपल्या हातात नाही म्हणून गावात आपला माणूस आजही सालाच्या पैशावर दबतो. मी इथं पोती शिवतो आणि माझा भाऊ तिथं तीच पोती उसनवारीनं घेतो, हे एकाच साखळीचं दोन टोक आहे. ज्याला ही साखळी फक्त रूपक म्हणून वापरायचीय त्यानं झब्बा शिवावा आणि त्या कविराजांच्या शेजारी बसावं.

आपण मागायचं ते नेमकं मागू. जमीन देताना आमच्या डोळ्यांदेखत खड्डा खणा, मातीची खोली आणि चुनखडी कागदावर लिहा. खोली कमी तर एकर वाढवा. मातीचा नमुना आमच्या तुकड्यातला घ्या. गायरानाचा सातबारा आमच्या नावानं करा, कारण त्याविना पीककर्ज नाही, आणि पैशाविना बांध नाही, गाळ नाही. २०१७ साली धरणातला गाळ शेतात न्यायची योजना आली तेव्हा गाळ फुकट होता, वाहतूक शेतकऱ्याच्या खर्चानं. ट्रॅक्टर कुणाचे? ज्यांचं रान आधीच खोल त्यांचे. आमच्या माळावरून वाहून गेलेला गाळ आमच्या माळावर परत आणून टाका. आम्ही दान मागत नाही, आमचाच माल परत मागतोय.

यंदा भावाला सांगितलंय, बांधाच्या वरच्या अंगाला, जिथं ओल टिकते तिथं, हरभरा पेर. हरभऱ्याच्या मुळांवर नत्र धरणारे जिवाणू असतात, आणि मुळं स्वतः आम्ल सोडतात. त्या आम्लानं चुन्यात अडकलेलं स्फुरद सैल होतं. एवढंसं रोप, पण कुलपापुढं हात जोडून बसत नाही.

पुढल्या महिन्यात चार दिवसांचा खाडा टाकून मी गावी जातोय. सोबत आज्याची पहार आहे. तलाठ्याला आणि कृषी खात्याच्या माणसाला लेखी कळवलंय. ते आले तर त्यांच्यासमोर, नाही आले तर गावासमोर, आमच्या दोन एकरात तीन ठिकाणी खड्डे खणणार, टेपानं खोली मोजणार, माती स्वतः तपासणीला नेणार. ज्या दोस्ताला यायचं त्यानं यावं, पाणी आणि भाकरी घरची आहे.

कविराज, तुम्हीही या. काळी आई तुमची असेल. मुरूम आमचा आहे, आणि खणायला दुसरी पहारही आहे.